ऑसिलोस्कोपच्या पेटीतला डाख

उपकरण विकताना त्याच्या दुरुस्तीसाठी लागणारा डाखही कारखान्याने सोबत द्यावा, हा अनेकांना अतिरेकच वाटेल. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात १९४६ साली स्थापन झालेल्या टेक्ट्रॉनिक्स कंपनीने मात्र पुढच्या दोन दशकांत नेमके हेच केले. तिच्या निर्वात नळ्यांच्या ऑसिलोस्कोपचे झाकण काढले की आत डाखाच्या तारेचे एक छोटे वेटोळे अडकवलेले दिसे.

सोल्डरिंगचा साधा डाख कथील आणि शिसे यांचा असतो. या वेटोळ्यात त्यांच्या जोडीला सुमारे ३ टक्के चांदी होती. ती कशासाठी?

त्या काळी रेडिओतले सुटे भाग बहुधा बेकेलाइटयुक्त कागदाच्या पट्ट्यांवर जोडत. अशी पट्टी दमट हवेत ओलावा शोषते आणि तिच्यातून थोडी वीज गळू लागते. रेडिओला त्याचे फारसे काही वाटत नाही. मोजणाऱ्या उपकरणाचे तसे नाही. ऑसिलोस्कोपचा आदान रोध १० लाख ओहम असतो. दहापट विभागणारा प्रोब लावला की ९० लाख ओहमचा रोध त्याच्याशी एकसरीत येतो. आता समजा, आदानाजवळच्या पट्टीतून होणाऱ्या गळतीचा रोध १० कोटी ओहम आहे. तो १० लाखांना समांतर जोडला जाऊन ९.९ लाख ओहम उरतात आणि पडद्यावरचे व्होल्टेज सुमारे ०.९ टक्क्याने कमी दिसते. (विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे.) उभ्या अक्षावर एकूण ३ टक्केच चूक चालणार असेल, तर तिचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका पट्टीनेच खाल्ला!

म्हणून टेक्ट्रॉनिक्सने सिरॅमिकच्या पट्ट्या वापरल्या. सिरॅमिक ओलावा शोषत नाही, डाखणीच्या उष्णतेने जळतही नाही. पण त्याला डाख चिकटत नाही. यावर उपाय म्हणून पट्टीच्या खाचांना चांदीचा पातळ थर भाजून बसवला. इथे नवी अडचण आली : वितळलेल्या कथिलात चांदी विरघळते. साध्या डाखाने दोनचारदा दुरुस्ती केली की थर नाहीसा होतो आणि जोड सुटतो. डाखात आधीच चांदी असेल तर? मिठाच्या संपृक्त द्रावणात मिठाचा खडा टाकून पाहा. तो विरघळत नाही. तेच तत्त्व इथे कामी आले. डाखात चांदीला फारशी जागाच उरत नाही, म्हणून थर टिकतो.

याच पट्ट्या वीजपुरवठ्याच्या भागातही बसवलेल्या असत. तिथे गळतीचा मुद्दा जवळजवळ लागू पडत नाही. नळ्यांची उष्णता सोसणे एवढाच तिथे त्यांचा उपयोग, आणि तो खर्च आम्हाला जास्तच वाटतो. पुढे मुद्रित मंडले आली आणि हाताने डाखायच्या या महागड्या पट्ट्या मागे पडल्या.

तरीही असा एखादा ऑसिलोस्कोप तुमच्या महाविद्यालयाच्या कपाटात असेल, तर त्यावर साधा डाख चालवू नये. ६२ टक्के कथील, ३६ टक्के शिसे आणि २ टक्के चांदी असलेला डाख बाजारात मिळतो; तो १७९ अंश सेल्सियसला वितळतो. आजच्या शिसेविरहित डाखातही बहुधा ३ टक्के चांदी असते, पण त्याला सुमारे २१७ अंश लागतात. शिवाय त्यात कथील खूपच जास्त असल्याने थराला धोका राहतोच. दुरुस्ती मात्र जाणकारानेच करावी. चित्रनळीला काही हजार व्होल्ट लागतात आणि प्लग काढल्यानंतरही धारित्रांत घातक विद्युतभार शिल्लक राहू शकतो.