वेब डेव्हलपरची पुढील भाषा : निवडीचे एक गमक

जावास्क्रिप्ट अवगत झाल्यावर पुढे कोणती भाषा शिकावी, हा प्रश्न वेब डेव्हलपरचा व्यवसाय करणाऱ्या तरुणांपुढे वारंवार उभा राहतो. अंधेरी, पवई वा मालाड येथील कार्यालयांतून बोरिवलीस किंवा मुलुंडला परतणाऱ्यापाशी अभ्यासासाठी फारसा वेळ उरत नाही. त्यातले सहा महिने चुकीच्या निवडीपायी खर्ची पडले, तर ते भरून निघत नाहीत. म्हणून बाजारात मागणी कशाला आहे एवढेच पाहण्याकडे अनेकांचा कल असतो. मागणीचा विचार अवश्य करावा. परंतु ती पालटत असते, आणि शिकणाऱ्याच्या विचारशक्तीत कोणती भर पडेल हे तिच्यावरून कळत नाही. या बाबतीत भाषाशास्त्रातील एक गमक उपयोगी पडण्याजोगे आहे.

भाषांभाषांतील खरा भेद त्यांत काय सांगता येते यात नसून काय सांगावेच लागते यात असतो, असे रोमान याकोब्सन यांनी १९५९ साली प्रतिपादन केले. याची प्रचीती उपनगरांत सहज येते. घाटकोपरची गुजराती गृहिणी ‘हुं जाउं छुं’ म्हणते, तेव्हा बोलणारी व्यक्ती स्त्री की पुरुष हे क्रियापदावरून समजत नाही. मराठीत मात्र ‘जातो’ की ‘जाते’ हे ठरविल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. उलटपक्षी, मराठीतील ‘आम्ही’ व ‘आपण’ हा भेद गुजरातीत ‘अमे’ व ‘आपणे’ या रूपांनी पाळला जातो. हिंदीचे काम एकट्या ‘हम’वर भागते. तात्पर्य, दोन भाषा दिसण्यात कितीही जवळच्या असल्या तरी त्यांच्या सक्ती निराळ्या असू शकतात.

संगणकाच्या भाषांनाही हे लागू पडते. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये निर्माण केलेली जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्यावर फार थोडी सक्ती करते. एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या संकेतस्थळावर १५०० रुपये देखभाल खर्चात ५० रुपये विलंबशुल्क मिळवावयाचे आहे असे समजू. शुल्काचा आकडा फॉर्मच्या रकान्यातून आला असल्यास तो संख्या नसून मजकूर असतो. जावास्क्रिप्ट तक्रार न करता दोन्ही एकापुढे एक जोडते आणि सभासदाच्या बिलावर १५००५० हा आकडा उमटतो! पायथनमध्ये हीच बेरीज त्या ठिकाणी पोहोचताच त्रुटी दाखवून थांबते. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये प्रसृत केलेल्या टाइपस्क्रिप्टमध्ये, बेरीज करणाऱ्या फंक्शनला संख्याच हवी असे एकदा लिहून ठेवले की, आज्ञावली चालण्यापूर्वीच चूक निदर्शनास येते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. टाइपस्क्रिप्ट पाहताक्षणी जावास्क्रिप्टच वाटते, तर पीएचपी तिच्या चिन्हांमुळे परकी भासते. तथापि पीएचपीत प्रकार लिहिणे ऐच्छिक आहे. टाइपस्क्रिप्टची कडक तपासणी चालू ठेवली असता ते टाळता येत नाही. दिसण्यात जवळची असलेली भाषाच येथे अधिक नवी शिस्त लावते.

अशा सक्तीचे मोल आणि तिची मर्यादा सीप्झच्या इतिहासात दिसून येतात. १९७३ मध्ये अंधेरीस स्थापन झालेल्या या क्षेत्रातील संगणक-कंपन्यांना १९९० च्या दशकाच्या अखेरीस परदेशी ग्राहकांच्या जुन्या कोबॉल आज्ञावली सुधारण्याचे काम मिळाले. १९५९ मध्ये आकारास येऊ लागलेली कोबॉल नोंदीच्या प्रत्येक रकान्यात किती अंक वा अक्षरे असतील हे आरंभीच लिहावयास लावते. जुन्या लेखकांनी वर्षासाठी दोनच अंक लिहिले होते. त्यामुळे २००० आणि १९०० यांत फरक उरेना. भाषेने प्रश्न विचारला होता, उत्तर अपुरे दिले गेले. मात्र ते उत्तर लिहून ठेवलेले असल्यामुळेच कित्येक वर्षांनी परक्या माणसास दोषाचा माग काढणे सुकर झाले.

यावरून निवडीचा क्रम लावता येतो. जेथे माहितीचा साठा सांभाळावयाचा आहे तेथे प्रथम एसक्यूएल शिकावी. कारण काम कसे करावे हे न सांगता काय हवे तेवढेच नेमके मांडण्याची सवय ती लावते. त्यानंतर टाइपस्क्रिप्ट घ्यावी. पुढची वाट कामावर अवलंबून राहील : आकडेवारीच्या विश्लेषणासाठी पायथन, एकाच वेळी अनेकांच्या मागण्या पुरविणाऱ्या सर्व्हरसाठी गो, आणि स्मृतीतील प्रत्येक वस्तूचा धनी कोण, हे स्पष्ट करण्याची शिस्त हवी असल्यास रस्ट. शुल्क भरण्यापूर्वी त्या भाषेत एक छोटी आज्ञावली स्वतः लिहून पाहावी. आजवर मोघम ठेवता येत असलेली कोणती गोष्ट ती स्पष्ट करावयास लावते, याचे उत्तर सापडले तर ती भाषा शिकण्यायोग्य समजावी. ते न सापडल्यास केवळ नवे शब्द पदरी पडतील.