जीपचे पाटे बदलण्याआधी हत्यारे गोळा करा

चिंचपाड्याच्या परिसरात पाऊस लागला की शेतरस्त्याला चाकोऱ्या पडतात आणि भात, भाजीपाला भरलेली जीप पोटाशी घासू लागते. मग कुणी सुचवतो, "दोन पाटे जास्त चढव, गाडी उंच होईल." शेतकरी बंधूंनो, हे काम घरी करायचे तर आधी हत्यारांची जुळणी करा. अर्ध्या हत्यारांवर केलेले काम जिवावर बेतते.

पहिली गोष्ट आधाराची. 3 टनी जॅक एक पुरत नाही, दोन हवेत. एकाने चासी उचलायची, दुसऱ्याने आस पेलायचा. चासीखाली दोन लोखंडी घोड्या लावा. काळ्या मातीत जॅक रुततो, म्हणून कडक, सपाट जागा पाहा व खाली जाड फळी घाला. न उचललेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके लावा. गाडीतला माल उतरवा. चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच सैल करा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली क्षणभरही जाऊ नका. जॅकचे तेल उतरले तर ओरडायलाही वेळ मिळत नाही.

दुसरी गोष्ट सोडण्या-आवळण्याची. रिंग पाने, गोटी पाने, लांब दांडा, हातोडी, पहार, तारेचा ब्रश आणि गंज सोडवणारे तेल जवळ ठेवा. तेल आदल्या रात्रीच बोल्टांवर सोडा. पाट्यांचा मधला बोल्ट काढण्यापूर्वी पाटे दोन भक्कम सी-क्लॅम्पांनी जखडा. दाबलेले पाटे सुटले की उसळतात व हात मोडतात. डोळ्यांना चष्मा लावा.

जोडताना जुने यू-बोल्ट परत वापरू नका. ते ताणलेले असतात. नवे बोल्ट आडव्या-तिरप्या क्रमाने थोडे थोडे आवळा. शेवटचा ताण कंपनीच्या पुस्तकातील आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने द्या. रबरी बुशांचे बोल्ट मात्र गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच पक्के करा, नाहीतर बुश पिळले जाऊन लवकर फाटतात. शंभरेक किलोमीटर चालल्यावर सगळे बोल्ट पुन्हा तपासा.

आता उंचीविषयी. बसलेले पाटे बदलून गाडी मूळ उंचीवर आणणे ही दुरुस्ती होय. त्याहून उंच करणे हा वेगळा मामला आहे. गाडीचा भार वर सरकतो, म्हणून वळणावर ती उलटण्याचा धोका वाढतो. ब्रेकची रबरी नळी ताणली जाते. प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलून क्रॉस लवकर झिजतात. शिवाय 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा दर बदलामागे 5000 रुपये दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडू शकतो.

तेव्हा हिशेब असा करा: पाटे बसले असतील तर त्याच मापाचे नवे बसवा, भार कमी भरा आणि चार शेजाऱ्यांनी मिळून चाकोऱ्यांत मुरूम टाका. मुरमाने सगळ्यांच्याच गाड्या, बैलगाड्यासुद्धा, सुखाने बाजाराला जातील. आणि घोड्या, जॅक, क्लॅम्प एकट्याने विकत घेण्याऐवजी चार घरांनी मिळून घ्या. एका गाडीखाली घरचा माणूस शिरतो, तेव्हा दुसरा जवळ उभा असलाच पाहिजे.