कुवेतकरांसाठी अल्बर्टा

मंडळी, चार मराठी कुटुंबं जमली की कॅनडाचा विषय निघतोच. कारण उघड आहे. इथे कितीही वर्षे काढा, आपला मुक्काम इकाम्यावर. नोकरी संपली की गाशा गुंडाळायचा. जाणारे बहुतेक टोरांटोचं नाव घेतात. आम्ही एम.एस्सी.साठी एडमंटनला राहिलो, तेव्हा आमचे माप अल्बर्टाकडे थोडे झुकणारच!

अल्बर्टा हा पश्चिम कॅनडातला, गवताळ मैदानांचा प्रांत. स्थापना १९०५ ची, राजधानी एडमंटन. आकार महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा. वस्ती मात्र २०२१ च्या जनगणनेत साडेबेचाळीस लाखांच्या आसपास, त्यातली दहा लाख एकट्या एडमंटन शहरात. शहराच्या मधून नॉर्थ सस्कॅचेवान नदी वाहते. तिच्या दोन्ही काठांची झाडी इतकी दाट की दस्मानच्या माणसाला ते खरंच वाटत नाही.

तेल मात्र ओळखीचं. कुवेतच्या तेलाचे पहिले जहाज १९४६ साली निघाले. एडमंटनजवळ लेड्यूकला १९४७ च्या फेब्रुवारीत तेल लागले. पुढच्या पिढ्यांसाठी निधीही दोघांनी एकाच साली, १९७६ मध्ये, सुरू केला. फरक असा, की बुरगानचे तेल आपल्याच दाबाने वर येते. तिकडे उत्तरेला फोर्ट मॅकमरेजवळ डांबर भिनलेली वाळू खणून गरम पाण्याने धुवावी लागते. काम खर्चाचे, म्हणून भाव पडले की नोकऱ्यांवर गदा. २०१५ साली तेच झालं. तेलाच्या भावाचा धसका ज्यांना इथेच सोडून जायचाय, त्यांनी दुसरा प्रांत बघावा.

थंडी? उणे तीस होते. रात्री गाडीच्या इंजिनाला विजेची वायर लावून ठेवायची, नाहीतर सकाळी ती सुरू होत नाही. डिसेंबरात साडेचारला अंधार; जूनमध्ये रात्री दहालाही उजेड. सवय होते.

इंजिनिअर मंडळींनी आणखी एक ध्यानात ठेवावं. प्रांताच्या संस्थेचा परवाना असल्याशिवाय तिथे प्रोफेशनल इंजिनिअर म्हणवता येत नाही. अनुभवाची पत्रे इथल्या नोकरीत असतानाच घ्या, नंतर कोण देतो?

नागरिकत्वासाठी कायम वास्तव्याचा परवाना हवा, आणि अर्जाआधीच्या पाच वर्षांत १०९५ दिवस प्रत्यक्ष कॅनडात राहिलेलं असावं लागतं. बायको-मुलं एडमंटनला आणि नवरा पगारासाठी कुवेतला, अशी घरं आपल्यातही आहेत. पण हे दिवस ज्याचे त्याने भरायचे असतात. बायको-मुलांचे दिवस नवऱ्याच्या खात्यात धरत नाहीत.