लाल विंचू आणि प्रॅझोसिन

लाल विंचू चावलेलं पोर दवाखान्यात आणलं की जाणता डॉक्टर चावलेल्या बोटाआधी तळपायाला हात लावून बघतो. पोर आगीनं किंचाळतंय, पण अंग कोरडं आणि पाय कोमट आहेत, तर बहुधा निभावतं. दुखणं फारसं नाही, पण घामानं कपडे भिजलेत, उलट्या होतायत, लाळ गळतेय, मुलग्याचं लिंग ताठरलंय, हातपाय गार पडलेत, तर विष अंगात भिनलंय. दुखत नाही म्हणून घरचे निर्धास्त होतात, आणि नेमका तोच वेळ हातचा जातो.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा असे रोगी डोळ्यांदेखत जात. पुस्तकांत उपाय नव्हता. रात्र-रात्र खाटेशेजारी बसून ते नाडी आणि रक्तदाब टिपत राहिले. पूर्वसूचना देणाऱ्या या लक्षणांवरचा त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. मला हे टिपण पुढच्या औषधाइतकंच मोलाचं वाटतं, कारण औषधाची दिशा त्यातूनच कळली.

हे विष मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या वाटा उघड्याच ठेवतं. त्यामुळे अ‍ॅड्रेनॅलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा अंगात पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून हृदय थकतं, फुफ्फुसांत पाणी भरतं आणि खोकल्याबरोबर गुलाबी फेस येतो. वाहिन्या आवळण्याचा हुकूम अल्फा रिसेप्टर घेतात. ते अडवणारी प्रॅझोसिन ही गोळी रक्तदाबासाठी आधीपासून बाजारात होती, आणि स्वस्त होती. विंचूदंशावरचा तिचा अनुभव १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. पूर्वी फुफ्फुसांत पाणी भरलेल्यांपैकी २५ ते ३० टक्के दगावत. बावस्करांच्या नोंदींत हे प्रमाण एक टक्क्याच्या खाली आलं.

गोळी साधी असली तरी ती देण्याला शिस्त आहे. मात्रा वजनाच्या किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, तोंडावाटे. दर तीन तासांनी पुन्हा, हातपाय उबदार होईपर्यंत. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रोग्याला आडवंच ठेवायचं. रडणाऱ्या पोराला आई उचलून खांद्यावर घ्यायला जाते. तिला तिथंच प्रेमानं थांबवणं हासुद्धा उपचाराचाच भाग. घाम आणि उलट्यांनी गेलेलं पाणी भरून काढायचं. अ‍ॅट्रोपिन मात्र टाळायचं. घाम आणि लाळ पाहून ते द्यायचा मोह होतो, पण त्यानं हृदयाची धडधड आणि रक्तदाब आणखी वाढतो.

बावस्कर दांपत्याने ७० रोग्यांवर केलेली चाचणी २०११ मध्ये ‘बीएमजे’त आली. प्रतिविष आणि प्रॅझोसिन दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले. नुसत्या प्रॅझोसिनवर ३५ पैकी ८. म्हणजे प्रतिविष हाताशी असेल तर ते द्यायचंच. ते पोचायला उशीर होणार असेल, तर गोळी थांबवून ठेवायची नाही.