लिटरला वीस की चाळीस?

बुऱ्हाणपूर म्हटले की आपल्याकडच्या माणसाला मुमताज महल आठवते, कुंडी भंडारा आठवतो, आणि एकदा जाऊन आलेल्याला तिथली मावा जिलबी. पण तापीकाठच्या या गावाचा आजचा संसार केळी आणि यंत्रमाग यांवर चालतो. २००३ मध्ये खंडव्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा मध्य प्रदेशात, आणि शीव ओलांडली की लगेच जळगावचा रावेर तालुका. त्यामुळे बाजारात हिंदी आणि मराठी एकाच वाक्यात नांदतात. बेळगाव-निपाणीच्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको!

या पट्ट्यात मे-जूनमध्ये वादळी वारे सुटतात. केळीच्या बागा आडव्या होतात, त्याची बातमी पेपरात येते. बातमीत न येणारी गोष्ट अशी, की बांधावरचे कडुनिंब, बाभळी, जुने आंबे हेही त्याच वाऱ्यात गाडीवाटेवर येऊन पडतात. केळीचे खोड कोयत्याने तुटते. ते पाणीदार आणि दोऱ्यांचे, त्यात मशीनची साखळी घालून उपयोग नाही. पण आंब्याचे खोड वाटेतून काढायचे तर चेन सॉ लागते. मराठीत करवत, कन्नडात गरगस, पण पेट्रोलवर चालणारी झाली की दोन्ही घरांत ती ‘मशीन’च. ज्याच्याकडे ती आहे त्याला त्या पंधरा दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नसते. त्याच दिवसांत पिस्टन पकडला, तर वर्षाच्या कमाईतला मोठा घास जातो. आणि पिस्टन पकडण्यामागे पुष्कळदा एकच कारण असते : पेट्रोलमधले ऑईल.

ज्यांच्या घरी बजाज चेतक किंवा लुना होती त्यांना हे लगेच उमगेल. मोटारीच्या इंजिनात खाली तेलाची टाकी असते, टू-स्ट्रोक मशीनमध्ये ती नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑईलच आत जाते, बेअरिंग आणि पिस्टनला वंगण देते आणि शेवटी जळून सायलेन्सरमधून बाहेर पडते. म्हणजे वंगण दर क्षणी नवे हवे. स्कूटरचे इंजिन मिनिटाला पाच-सहा हजार फेरे घेई. चेन सॉ बारा-तेरा हजारांपर्यंत जाते, तीही केवळ वाऱ्यावर थंड होणारी. त्यात खानदेश-निमाडचा उन्हाळा. अशा ठिकाणी ‘अंदाजाने टोपणभर’ चालत नाही.

प्रमाण कसे वाचायचे? ५०:१ म्हणजे पन्नास भाग पेट्रोलला एक भाग ऑईल, लिटरला २० मिली. ४०:१ म्हणजे २५ मिली आणि २५:१ म्हणजे ४० मिली. खरा घोळ इथेच होतो. शेजाऱ्याच्या मशीनला लिटरला वीस चालते म्हणून आपल्यालाही चालेल असे धरले जाते. स्टिलच्या अनेक पुस्तिकांत कंपनीचे ऑईल वापरल्यास ५०:१ आणि टीसी दर्जाचे दुसरे ऑईल वापरल्यास २५:१ असे लिहिलेले असते. हुस्कवार्नाकडे हेच आकडे ५०:१ आणि ३३:१ असे येतात. स्वस्त आयात मशीनच्या टाकीवर अनेकदा सरळ २५:१ चा स्टिकर असतो. तेव्हा पहिला मान आपल्या मशीनच्या पुस्तिकेचा, दुसरा डब्यावरच्या मजकुराचा. शेजाऱ्याचा सल्ला त्यानंतर.

थोडे जास्त घातले तर काय बिघडते, असेही विचारले जाते. कमी घालण्याइतके नाही बिघडत, हे खरे. कमी ऑईलने पिस्टन सिलिंडरला घासून अडकतो, दोरी ओढली तरी हलत नाही, आणि पिस्टन-सिलिंडरचा संच बदलावा लागतो. जास्त ऑईलने मशीन हळूहळू मरते. प्लग काळा पडतो, रिंग चिकटते, सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी साचते, ताकद जाते. मग मालक मशीनला नावे ठेवतो.

आता सिंथेटिक की साधे? साधे म्हणजे कच्च्या तेलापासून शुद्ध केलेले खनिज तेल. त्यात लहानमोठे सगळ्या तऱ्हेचे घटक असतात. सिंथेटिक कारखान्यात हवे तसे घडवलेले असते, त्यामुळे ते जळताना मागे कमी उरते. पण डब्यावर ठळक छापलेल्या ‘सिंथेटिक’ शब्दापेक्षा बारीक अक्षरांतली खूण जास्त सांगते. जपानी जासो मानकाच्या एफबी, एफसी आणि एफडी या पायऱ्या आहेत. गंमत अशी, की वंगणाच्या कसोटीची किमान अट या तिन्ही पायऱ्यांना सारखीच आहे. फरक पडतो तो धूर आणि काजळी यांत. एफबीपेक्षा एफसीचा धूर बराच कमी, आणि एफडी धुरात एफसीसारखेच पण आतली सफाई अधिक राखणारे. आपल्या देशात स्कूटर-रिक्षांच्या धुरामुळे १ एप्रिल १९९९ पासून कमी धुराचे टू-टी ऑईल सक्तीचे झाले, ते याच एफसी दर्जाचे. म्हणजे पंपावरचे साधे टू-टी अगदी टाकाऊ नव्हे. फक्त ते पुस्तिकेत इतर ऑईलसाठी दिलेल्या प्रमाणात घालावे. गोव्याहून किंवा कोकणातून कोणी बोटीच्या इंजिनाचे टीसी-डब्ल्यू३ ऑईल प्रेमाने आणून दिले, तर मात्र ते चेन सॉमध्ये घालू नये. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असते.

किमतीचे गणित करून पाहा. एक लिटर ऑईल २५:१ ने पंचवीस लिटर पेट्रोलला पुरते, ५०:१ ने पन्नास लिटरला. दुप्पट किमतीचे सिंथेटिक अर्धेच लागले तर खर्च तेवढाच. हे गणित फक्त त्याच मशीनला लागू, जिच्या पुस्तिकेत ५०:१ ला परवानगी आहे. २५:१ च्या स्टिकरवाल्या मशीनमध्ये महागडे ऑईल घातले म्हणून प्रमाण निम्मे करणे म्हणजे जुगार. तरीही दिवसभर मशीन चालवणाऱ्याने एफडी दर्जाचेच घ्यावे, असे आमचे मत आहे. टू-स्ट्रोकमध्ये काही पेट्रोल आणि ऑईल न जळताच बाहेर येते, आणि सायलेन्सर व माणसाचे तोंड यांत हातभरच अंतर असते. पिस्टन बदलता येतो, फुप्फुस नाही.

अलीकडे एक नवी भानगड झाली आहे, आणि तिचा आपल्या उसाशी संबंध आहे. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचा टप्पा गाठला. कारखान्याच्या बिलासाठी ते चांगलेच. पण अनेक चेन सॉच्या पुस्तिका १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. कॅन पावसाळाभर पडून राहिला तर पाणी आणि इथेनॉल तळाशी बसते, ऑईल वरच्या पेट्रोलमध्ये राहते. मशीनच्या टाकीतला फिल्टर नेमका तळातूनच ओढतो! प्रमाण अचूक घातलेले असूनही इंजिन कोरडे चालते. म्हणून आठवड्याला लागेल तेवढेच मिश्रण करावे. हंगाम संपला की टाकी रिकामी करून, कार्ब्युरेटरमधले संपून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून ठेवावे.

मिश्रण टाकीत नव्हे, झाकणाच्या कॅनमध्ये करावे : आधी निम्मे पेट्रोल, त्यात मोजलेले ऑईल, हलवून मग उरलेले पेट्रोल. मोजायला औषधाच्या दुकानातली २० मिलीची सिरिंज उत्तम. साखळीचे ऑईल वेगळे असते, त्याची टाकीही वेगळी. तिथे गाडीतून काढलेले काळे ऑईल घालू नये.

आता थोडे घरातल्यांसाठी. टू-टी ऑईलला कंपन्या निळा, हिरवा, लाल असा रंग देतात, म्हणजे मिसळले आहे की नाही ते दिसावे. तेच मिश्रण कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून पडवीत ठेवले, की उन्हातून आलेल्या मुलाला ते सरबत वाटते. मुलाने घोट घेतलाच तर उलटी करवू नये, कारण पेट्रोल फुप्फुसात गेले की धोका वाढतो. तडक दवाखाना गाठावा, बाटली सोबत घ्यावी. कॅन कुलपात असावा आणि त्यावर प्रमाण, तारीख आणि ‘विष’ हा शब्द मार्करने लिहावा. तो कन्नडातही ‘विष’च आहे, फक्त लिहिताना दोन्ही लिपींत लिहावा, म्हणजे घरातल्या आजीपासून शाळकरी नातवापर्यंत सगळ्यांना वाचता येईल.