उभ्या विमानाचे तेरा सेकंद

विमानाच्या इंजिनाची दुरुस्ती झाली, एखादा भाग बदलला किंवा तेल गळत असल्याची शंका आली, की विमान जमिनीवर उभे ठेवून इंजिन चालवून पाहतात. याला ‘ग्राउंड रन’ म्हणतात. कॉकपिटमधला तंत्रज्ञ तेलाचा दाब, तापमान आणि कंपन पाहतो. बाहेरचा साथीदार इंजिनावर नजर ठेवतो.

चालू इंजिन पुढच्या माणसाला आत ओढते आणि मागच्याला भिरकावून देते. १६ जानेवारी २००६ रोजी अमेरिकेत एल पासो विमानतळावर बोइंग ७३७ ची तेलगळती तपासताना एक मेकॅनिक असाच इंजिनात ओढला जाऊन मरण पावला.

दुसरी खबरदारी चाकांची. घाटात ट्रक थांबला की क्लीनर आधी चाकाखाली दगड लावतो. तसेच इथेही ब्रेकच्या जोडीला चाकांना ठोकळे लावतात. त्यांना चॉक म्हणतात. ते नसतील तर काय होते, हे फ्रान्समधील तुलूझ शहरात दिसले.

१५ नोव्हेंबर २००७. अबुधाबीच्या इतिहाद कंपनीसाठी बांधलेले एअरबस ए३४०-६०० हे कोरे विमान ताब्यात देण्यापूर्वी तपासले जात होते. आत नऊ जण होते. चाचणीच्या शेवटी तेलगळती शोधायची म्हणून चारही इंजिने एकाच वेळी जोरात चालवली. चाकांना चॉक नव्हते. सगळी भिस्त एकट्या ब्रेकवर होती.

विमान सरकू लागले. तंत्रज्ञाचे सारे लक्ष ब्रेककडे गेले. त्याने पुढचे चाक वळवून विमान भिंतीपासून दूर नेण्याचा प्रयत्न केला; पण त्यामुळे ब्रेकची पकड आणखी घटली. इंजिनांचा जोर कमी करण्याचे लिव्हर हाताशी होते, पण ते लगेच मागे ओढले गेले नाहीत. सुमारे १३ सेकंदांत विमान काँक्रीटच्या भिंतीवर चढले आणि त्याचा पुढचा भाग मोडला. काही जण गंभीर जखमी झाले. प्राण मात्र कोणाचा गेला नाही. विमान कायमचे निकामी झाले.

ब्रेक बिघडले नव्हते, इंजिनेही ठीक होती. ठरलेली पद्धत सोडली, एवढेच घडले. आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी हे काम शिकत असेल, तर दोन गोष्टी आवर्जून सांगा: चॉक पाहिल्याशिवाय इंजिनाचा जोर वाढवायचा नाही, आणि विमान हलले, तर सर्वांत आधी तो जोर कमी करायचा.