उतरत्या वयाला किती किलोची नाव?

मोर्शीजवळ सिंभोऱ्याला वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरण आहे. मोर्शीतून वाहणाऱ्या दमयंती नदीची आठवण ठेवून त्याच्या जलाशयाला नल-दमयंती सागर हे नाव मिळाले. पावसाळ्यात धरणाचे 13 दरवाजे उघडले की बघ्यांची गर्दी होते, पण गळ टाकणाऱ्याची खरी परीक्षा उन्हाळ्यात. पाणी मागे हटते आणि गाडी उभी राहते तिथून पाण्यापर्यंत गाळाचा, भेगाळलेल्या जमिनीचा पट्टा वाढत जातो. साठी ओलांडलेल्या माणसाने कायाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची एकट्याची निमुळती नाव, घेताना आधी या पट्ट्याचा विचार करावा. नाव पाण्यात कशी चालते हे नंतर; ती पाण्यापर्यंत नेणार कोण?

मासेमारीच्या प्लॅस्टिक कायाकचे वजन सहसा 25 ते 35 किलो भरते. अमेरिकेतील ‘नायॉश’ ही कामगार-सुरक्षेची संस्था दोन्ही हातांनी, अंगालगत, उत्तम परिस्थितीत उचलायच्या ओझ्याचीही मर्यादा 23 किलो धरते. तीन मीटर लांबीची नाव अंगालगत धरता येत नाही, आणि गाळात पाय रुततो. म्हणून एकट्या वृद्धाने 18 किलोच्या आतली नाव शोधावी असे माझे मत आहे. खुर्ची सुटी होणारी हवी, म्हणजे ओझे दोन खेपांत विभागता येते. रुंद चाकांची छोटी गाडी सोबत असली की नाव उचलावी न लागता ओढता येते. टपावर चढवतानाही आधी एक टोक टेकवून मग दुसरे ढकलावे.

मग हवा भरायची नाव का नको? ती पिशवीत मावते आणि अनेकदा 15 किलोच्या आत असते. पण आपल्याकडे काठाला बाभळीचे काटे, पाण्याखाली झाडांचे खुंट, आणि गळाला शिंगाडा मासा लागला तर त्याचाही काटा. जाड कापडाच्या, वेगवेगळे कप्पे असलेल्या नावा टिकतात, हे मान्य. तरी पंप मारणे आणि घरी नेऊन वाळवणे ही मेहनत उरतेच. ट्यूब किंवा थर्माकोल याहून हलके आणि स्वस्त. मात्र त्यावर पाठीला आधार नाही, आणि तोल जाऊन पडल्यावर पुन्हा चढणे म्हाताऱ्या हातांना जड जाते.

हलकी नाव उलटते, हा आक्षेप अर्धाच खरा. स्थैर्य मुख्यतः रुंदी, तळाचा आकार आणि भार किती खाली आहे यावर ठरते. उंच खुर्चीवरून उठताना गुडघ्यांना बरे वाटते, पण तोल वर सरकतो. तेव्हा रुंदी 75 सेंटिमीटरपेक्षा कमी नको. रुंद नाव संथ चालते, ते काठाजवळच्या मासेमारीत खपते. वारा मात्र हलक्या नावेला खरोखर लोटतो, म्हणून लहान नांगर हवा आणि वारा उठण्याआधी परत फिरण्याची शिस्त हवी. विकत घेण्याआधी गुडघाभर पाण्यात बसून-उठून पाहावे. सूचीपत्रातून हे कळत नाही.

क्षमतेच्या आकड्यात अंगाचे वजन, सामान आणि पकडलेले मासे धरून बरीच ढील ठेवावी, नि दुसऱ्या माणसाला त्यात घेऊ नये. याच वर्धा नदीत, वरूड तालुक्यातल्या झुंजजवळ, सप्टेंबर 2021 मध्ये नाव उलटून 11 जण दगावले. लाइफ जॅकेट अंगात घातलेलेच असावे, नावेत ठेवलेले नव्हे. दर वेळी सोबत येणारा धडधाकट माणूस असेल तर 30 किलोची नावही चालेल. हलकेपणासाठी लागणारे जादा पैसे मग या जॅकेटवर खर्च करावेत.